मेंदू कापणाऱ्या वन्सं

आमच्या वन्संना कुणी ‘बिचारी’ म्हणायचं नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. वरच्या मजल्यावरची बाई एकदा जिन्यात तसं म्हणाली, तर तिचा कोट मी अर्धी बाही उसवलेला तसाच परत दिला. मी कपडे दुरुस्त करून देते. खालच्या खोलीत माझं मशीन आहे, आणि माझ्या तोंडाचा पट्टा त्या मशीनपेक्षा जोरात चालतो असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. वन्संबद्दल सांगायचं तर असंच तोंड लागतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं की सवड झाली नाही म्हणायच्या. आई लवकर गेली, धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं. तो पोस्टात काउंटरवर बसायला लागला, बायको घेऊन आला, त्याचे केस पिकले, तरी त्यांच्या लेखी तो ‘बाळ्या’च. मी या घरात आले तेव्हा वाटलं होतं, नणंद आहे, आता रोज उणीदुणी निघणार. पण त्यांना माझ्या चुका काढायला फुरसतच नव्हती. सकाळी डबा घेऊन प्रयोगशाळेत जायच्या आणि दिवसभर माणसांचे मेंदू कापायच्या.

दचकू नका. मीसुद्धा पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला घास तसाच राहिला होता. काही माणसं जिवंतपणी लिहून देतात की आमच्यामागे आमचा मेंदू संशोधनाला घ्या. तो येतो, औषधात मुरतो, मग त्याचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यात बसवतात. तो ठोकळा वन्सं मायक्रोटोम नावाच्या यंत्राला लावायच्या आणि चाक फिरवायच्या. पात्यावरून कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ काप निघायचे, एकाला एक चिकटून, फितीसारखे. ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि खालून काचपट्टी घालून अलगद उचलायचे. शेजारी कुणी जोरात श्वास सोडला तरी काप गोळा व्हायचा, म्हणून त्यांच्या टेबलाजवळ मोठ्या साहेबांनासुद्धा बोलायची चोरी होती.

प्रत्येक काचेच्या एका टोकाला खरखरीत पट्टी असते. तिथं मेंदूचा नंबर लिहायचा, आणि तो पेन्सिलीनं. कारण पुढे ती काच आधी झायलीन नावाच्या रसायनात आणि मग अल्कोहोलमध्ये बुडते. त्यात मेण जातं आणि पेनची शाईही धुऊन जाते. पेन्सिल मात्र राहते. प्रयोगशाळेत नवं माणूस आलं की वन्सं पहिल्याच दिवशी त्याच्या खिशातलं पेन काढून घ्यायच्या. कुणाला राग आला तर येऊ दे, त्या भीक घालायच्या नाहीत.

त्या कापांत नक्की शोधता काय, असं मी एकदा विचारलं. वन्सं उठल्या, माझी मोठी कात्री घेतली आणि मला म्हणाल्या, हे कापड दोन्ही हातांनी ताणून धर. मी धरलं, त्यांनी सरळ कापलं. मग म्हणाल्या, आता सोड. मी सोडलं आणि त्यांनी पुन्हा कात्री चालवली, तर कापड सरकलं आणि काप तिरका गेला. चांगल्या पॉपलिनचं वाटोळं केलं म्हणून मी कुरकुरले, तर म्हणाल्या, हेच शोधतो आम्ही.

मला जेवढं समजलं तेवढं सांगते. मेंदूतल्या पेशीच्या पडद्यात एक लांबलचक प्रथिन अडकलेलं असतं, त्याची शेपूट पेशीच्या आत लोंबते. त्याला कापणाऱ्या कात्र्याही पेशीतच असतात. कापण्यात वाईट काही नाही, रोज चाललेलंच असतं. पण कुठल्या कात्रीसमोर ते जातं आणि कुठं कापलं जातं, त्यावर सगळं आहे. त्या शेपटीला आतून काही छोटी प्रथिनं धरून असतात. ॲडॉप्टर म्हणतात त्यांना. ती स्वतः काही कापत नाहीत, काही बनवत नाहीत. याला त्याच्याशी जोडायचं आणि कुणी कुठं जायचं ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांची पकड बिघडली तर ते लांब प्रथिन भलत्याच कात्रीसमोर जातं, चुकीचा तुकडा पडतो, तो तुकडा चिकट असतो आणि पेशींच्या बाहेर त्याचे ढीग साचतात. अल्झायमरच्या मेंदूत सापडतात ते हेच.

मी म्हटलं, म्हणजे कापणाऱ्यापेक्षा धरणाऱ्याच्या हाताला महत्त्व. वन्सं म्हणाल्या, शिंपीणबाई, इतकं सोपं असतं तर आमच्या प्रयोगशाळेची प्रोफेसरबाई आतापर्यंत घरी जाऊन झोपली असती. काही ॲडॉप्टर ते वाईट कापणं थोपवतात, काही उलट वाढवतात. शिवाय पकड सुटते म्हणून रोग होतो, की रोग होतो म्हणून पकड सुटते, हे अजून कुणालाच नीट माहीत नाही. त्या दिवसापासून मी त्यांची शिंपीणबाई झाले ती कायमची.

मग तो दिवस आला. सकाळी दारात कुणीतरी पार्सल घेऊन आलं. सही करायला वन्संनी ह्यांच्या खिशातलं पेन घेतलं आणि ते तसंच स्वतःच्या खिशात टाकून कामाला गेल्या. ह्यांच्या खिशाला पेन नाही म्हणजे अंगात सदरा नसल्यासारखं, त्यामुळे त्यांनी जाताना मला दोन बोल सुनावले आणि दुसरं पेन घेतलं.

तिकडे वन्संनी त्या दिवशी काप घेतले. रोगी मेंदूंचे होते आणि धडधाकट मेंदूंचेही होते. ॲडॉप्टर कुठं कुठं आहे ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं होतं, आणि प्रोफेसरबाई कधीपासून त्या काचांची वाट बघत होती. सगळ्या काचांवर वन्संनी नंबर घातले. काचा झायलीनमध्ये गेल्या, अल्कोहोलमध्ये गेल्या, आणि बाहेर काढल्या तर सगळ्या पट्ट्या कोऱ्या. कुठला काप कुणाचा, काही कळायला मार्ग नाही. बाकीचे मेंदू पुन्हा कापता आले असते, पण एका मेंदूचा तो भाग त्या कापांबरोबर संपलाच होता.

शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवालीनं मला हे नंतर सांगितलं. ती म्हणे आरोप आपल्यावर घ्यायला निघाली होती. वन्संनी तिला खाली बसवलं आणि सरळ प्रोफेसरबाईच्या खोलीत गेल्या. म्हणाल्या, “मी पेननं लिहिलं. आणि लिहिताना काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही. तुम्ही पहिल्या गोष्टीवर रागवाल, पण दुसरी जास्त वाईट आहे. मला तपासा.”

तपासलं. जे निघायचं ते निघालं. अजून सुरुवात आहे असं डॉक्टर म्हणाले.

मी रडले, खोटं कशाला सांगू. आमच्या ह्यांनी मात्र रडायचं सोडून भलतंच धरून ठेवलं. त्यांचं म्हणणं, चूक पेनची आहे. खिशात पेन होतं म्हणून हाताला पेन लागलं, कुणालाही लागलं असतं. मीच ते मागून घ्यायला हवं होतं. दोन दिवस घरात हाच घोष. शेवटी वन्सं वैतागल्या. म्हणाल्या, “पेन तुझं होतं बाळ्या, हात माझा होता. आता पुरे.”

प्रोफेसरबाई भली बाई. पगारी रजा घ्या, घरी आराम करा, म्हणाली. वन्संनी ते ऐकूनच घेतलं नाही. नंबर चष्मेवाली लिहील, मी फक्त कापीन, आणि माझा एक काप जरी फाटला तरी मला सांगायचं, असं त्यांनीच ठरवून टाकलं. आणि कापले की त्यांनी. आज वार कुठला ते सांगता यायचं नाही, पण चाकावर हात पडला की फीत निघायची ती अशी अखंड, की चष्मेवाली म्हणायची, बघतच राहावं. प्रोफेसरबाई स्वतः येऊन तपासायची, कारण तिला कामात दयामाया चालत नव्हती, आणि वन्संना तेच आवडायचं.

घरी मात्र दयेचा पूर आला. कुणी शब्दकोडी आणून दिली. ह्यांच्या एका चुलतभावानं भिजवलेल्या बदामांचा डबा आणला आणि रोज सकाळी खायचे, स्मरणशक्ती परत येते, असं ठणकावून सांगितलं. वन्संनी एक बदाम तोंडात टाकला, चावला आणि विचारलं, ह्याला मेंदूत जायचा रस्ता कोण दाखवणार, तू? बाकीचे बदाम मी आणि वन्संनी मिळून संपवले, आणि चांगले होते हो बदाम.

खरं भांडण पुढेच होतं. एका संध्याकाळी जेवताना वन्संनी सांगितलं की त्यांनी स्वतःचा मेंदू त्यांच्याच प्रयोगशाळेला द्यायचं ठरवलंय. अजून सहीला किंमत आहे तोवर सही करून टाकणार. पण नियम असा होता की जवळच्या माणसाचा विरोध असेल तर ते मेंदू घेत नाहीत. आणि माणूस गेल्यावर काही तासांत फोन करून कळवावं लागतं, नाहीतर उपयोग नाही. म्हणजे सगळं येऊन ठेपलं होतं आमच्या ह्यांच्यावर.

हे एरवी मूग गिळून बसणारे गृहस्थ. त्या दिवशी ताट सरकवून उभे राहिले आणि म्हणाले, मला चालता पण येत नव्हतं तेव्हापासून हिनं मला कडेवर घेतलं, आणि मी हिला तुकडे करायला देऊ? जन्मभर तिनं लोकांची डोकी कापली, तिच्या डोक्याला मी कुणाचा हात लागू देणार नाही. तू सही कर नाहीतर आणखी काही कर, तो फोन मी करणार नाही आणि ह्या घरातून कुणाला करूही देणार नाही. हे शेवटचं माझ्याकडे बघून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला, पण वन्संनी मला हातानंच थांबवलं.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी नीट समजावून सांगितलं. धडधाकट मेंदू येतात, पार शेवटाला गेलेले मेंदूही येतात. पण पहिल्या दिवसापासून ज्याची मोजदाद ठेवलीय असा मेंदू फार क्वचित येतो. माझी आता दर काही महिन्यांनी तपासणी होणार. कधी काय विसरले, कधी काय सुटलं, सगळं त्यांच्याकडे असणार. मग मेंदू उघडून बघतील तेव्हा ॲडॉप्टर कुठं धरून होता आणि कुठं सुटला, ते त्याच्याशी ताडून बघता येईल. आणि मग म्हणाल्या, “हा रोग माझं सगळं फुकट घेऊन जाणार आहे, बाळ्या. त्याच्याकडून एवढं एक तरी मी वसूल करणार. तू मधे येऊ नकोस.”

हे उठून बाहेर गेले. वन्संनी दुसऱ्या दिवशी जाऊन सही केली. त्यांना नंबर मिळाला. तो त्यांनी कागदावर पेन्सिलीनं लिहिला, त्याखाली प्रयोगशाळेचा फोन लिहिला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घरी पेढे वाटावेत असा चेहरा होता त्यांचा.

मग एकदा त्या ह्यांना हाताला धरून प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. मीही गेले, कारण हे वाटेतून पळतील अशी मला खात्री होती. आमच्या ह्यांना वाटत होतं तिथं खाटकाचं दुकान असेल. तिथं होत्या पांढऱ्या भिंती, औषधाचा उग्र वास, आणि खिडकीत कुणीतरी ठेवलेली कुंडी. वन्संनी एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ह्यांना बघायला लावलं. फिकट निळ्यावर तपकिरी ठिपके. वन्सं म्हणाल्या, ही एक बाई होती. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिला मी वर्षानुवर्षं सांभाळलंय, एक काप वाया जाऊ दिला नाही. मलाही इथं असंच कुणीतरी सांभाळेल.

हे पुष्कळ वेळ काचेतून बघत राहिले. घरी आल्यावर मी विचारलं, मग? तर म्हणाले, बघितलं. माझा विचार बदललेला नाही. मी त्या दिवशी त्यांना चहा दिला नाही.

वन्संचं कापणं पुढे बरेच दिवस चाललं. एका सकाळी त्यांनी चाकावर हात ठेवला आणि ते कुठल्या बाजूला फिरवायचं हेच त्यांना सुचेना. चष्मेवालीनं मदतीला हात पुढे केला. वन्संनी तो बाजूला केला, पातं काढून पेटीत ठेवलं, ॲप्रन घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि प्रोफेसरबाईला सांगून आल्या. घरी आल्या तशा दारातूनच मला म्हणाल्या, मला कुणी काढलं नाही, मीच उठले, हे लक्षात ठेव. मी लक्षात ठेवलंय.

पुढचं फार सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात झालंय त्यांना माहीत आहे, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळायचं नाही. वन्सं माझं नाव विसरल्या, शिंपीण शिल्लक राहिली, मग तीही गेली. बाळ्याला तर त्या पार विसरल्या. त्यांना वाटायचं हा प्रयोगशाळेत नवा लागलेला कुणीतरी आहे. हे पोस्टातून आले की त्या समोर येऊन उभ्या राहायच्या, ह्यांच्या खिशातलं पेन काढून घ्यायच्या आणि त्याजागी पेन्सिल खोचायच्या. रोज. घरात जिकडेतिकडे पेन्सिलींचे तुकडे, उशीखाली, साबणाच्या डबीत, माझ्या बॉबिनांच्या डब्यात. पहिल्या वेळी हे न्हाणीघरात जाऊन रडले, नळ सोडून, मला ऐकू येऊ नये म्हणून. पुढेपुढे दारातच उभे राहून खिसा पुढे करायचे. काउंटरवर लोकांच्या पावत्या ते पेन्सिलीनं लिहितात अशी तक्रारही एकदा झाली.

पण त्या फोनबद्दल आमच्यात एक शब्दही झाला नाही. मी दोनदा विषय काढला, दोन्ही वेळा ते उठून गेले. तेव्हा मीही मनाशी पक्कं केलं. वेळ येईल तेव्हा मी फोन करणार, आणि मग हे मला घराबाहेर काढोत नाहीतर माझ्याशी जन्मभर न बोलोत. वन्संनी जे मागितलं होतं ते मी त्यांना मिळवून देणार होते.

वेळ आली ती एका सकाळी, उन्हं खोलीत आली होती तेव्हा. वन्सं गेल्या. हे त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. डॉक्टर येऊन बघून गेले. मी उठले, कपाट उघडलं, कागदावरचा फोन वाचला आणि त्या दाराला पाठ लावून उभी राहिले, कुणाला मला तिथून हलवता येऊ नये म्हणून. मी म्हटलं, “अहो, मी फोन करतेय.”

ह्यांनी मान वर केली नाही. वन्संचा हात चादरीवर ठेवला, उठले आणि खोलीतून निघून गेले. बाहेरचं दार वाजलं. मला वाटलं, संपलं, हा माणूस आता आपल्याला माफ करायचा नाही. मी नंबर फिरवला.

दोन माणसं आली, स्ट्रेचर घेऊन. नीट वागली, हळू बोलली. संध्याकाळपर्यंत बाईंना परत घरी आणतो, चेहऱ्यावर काही दिसणार नाही, म्हणाली. वन्संना घेऊन आम्ही बाहेरच्या दारापर्यंत आलो, तर दारात हे उभे. दोन्ही हात चौकटीला लावून. पोस्टातले गरीब गृहस्थ, पण त्या वेळी त्यांना ओलांडून कुणी गेलं नसतं. मी भांडायला पुढे झाले.

स्ट्रेचरवाल्यांतल्या एका माणसानं, तेवढ्यात आपलं काम उरकावं म्हणून, चादरीला बांधायची चिठ्ठी काढली, नंबर विचारला आणि लिहायला पेन उघडलं.

“थांबा,” हे म्हणाले. “पेन्सिलीनं लिहा.”

तो माणूस गोंधळला. हे नुसतं बाहेरचं लेबल आहे, त्याला पेन चालतं, असं त्यानं समजावलं.

“तुम्हाला चालत असेल,” हे म्हणाले. “ताईला चालायचं नाही.”

आणि खिशातून त्यांनी पेन्सिल काढली. वन्संनीच खोचलेली, टोकाशी चावलेली. त्या माणसानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा, आणि नंबर सांगितला. त्यानं नंबर लिहिला. ह्यांनी चिठ्ठी हातात घेऊन एकेक आकडा वाचला, स्वतःच्या हातानं ती चादरीला बांधली, पेन्सिल परत खिशात ठेवली आणि दारातून बाजूला झाले.